मोजणीच्या दिवशी रिकामा ठेवलेला रस्ता

२०२२ साल होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं घातलेली, त्यामुळं एखादं वर्ष इकडंतिकडं. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं बैलं, मग ट्रॅक्टर, मग दोन वेळा पंचायतीत मेंबर. पण आमच्या भागात मला ओळखतात ते रस्त्यांमुळं.

एखाद्या गावाला रस्ता हवा असला, ओढ्यावर पूल हवा असला, की त्या गावचा सरपंच मला गाडीत घालून सांगलीला बांधकामाच्या ऑफिसात न्यायचा. मी इंजिनियर नव्हे आणि पुढारी तर मुळीच नव्हे. पण सरकारचा निधी कसा येतो ते मला ठाऊक होतं. आधी रस्त्याला नंबर लागतो. नंबर नसला तर तुमच्या बापजाद्यांची वाट सरकारला दिसतच नाही. नंबर मिळाला की इंजिनियर अंदाजपत्रक करतो, ते वर जातं, मंजुरी येते, मग निधी. प्रत्येक पायरीवर फाईल बसकण मारते. तिला उठवायला कुणीतरी तिच्यासमोर जाऊन बसावं लागतं. ते मी करायचो. भाकरी बांधून न्यायची, साहेबांच्या दाराजवळच्या बाकावर बसायचं आणि काही बोलायचं नाही. दोन-चार खेपा झाल्या की शिपाईच आत जाऊन सांगायचा, "साहेब, ते म्हातारं परत आलंय." मग साहेब कंटाळून फाईल काढायला लावायचे.

धाकटी लेक औंधाजवळच्या गावात दिलीय. तिच्या गावचा रस्ता साताऱ्याच्या ऑफिसात अडकला होता, तर तिच्या सासऱ्यानं मला बोलावून घेतलं. तिथल्या बाकावरही मी बसलो आणि रस्ता झाला. त्या रस्त्याचं ऐकून पार खंडाळ्याकडनं एक सरपंच मला न्यायला आले होते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी आहेच. माणसानं केलेलं सांगायला काय हरकत आहे?

आमचं स्वतःचं गाव आष्ट्यापासून फार लांब नाही. गाव ओढ्याच्या अलीकडं आणि आमची मळ्यातली वस्ती पलीकडं. मधे बुटकी फरशी, म्हणजे पाण्याच्या पातळीवर टाकलेला काँक्रीटचा ओटा. ओढ्याला पाणी आलं की ती बुडते आणि वस्ती तुटते. पलीकडच्या सगळ्या शिवारातला ऊस, दूध, कॉलेजची पोरं, सगळं त्याच फरशीवरनं जातं.

आणि माझी बायकोही. तिची किडनी गेलेली. आठवड्यातनं दोनदा सांगलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. आदल्या पावसाळ्यात फरशी बुडाली आणि तिची पाळी चुकली. पाय सुजले, दम लागायला लागला. शेवटी लेकानं तिला ट्रॉलीत पोत्यांवर बसवून, पलीकडच्या गावावरनं चिखलातनं फिरवून नेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलं, पुन्हा पाळी चुकवू नका. मी मान हलवली. ओढ्याला कोण सांगणार?

बायको मात्र मलाच सांगायची. "आवं, साताऱ्यापातूर लोकांचं रस्तं करत हिंडता. माझ्या दारातला वडा तेवढा दिसंना व्हय तुमाला?"

मी म्हणायचो, "अगं, पूल म्हंजे काय रस्ता हाय का? पुलाला निधी मोठा लागतोय."

"मग मोठं बसा की बाकावर. हितं बारकं बसून काय उपेग?"

तिचं ऐकून मी बाकावर गेलो. सांगलीच्या ऑफिसात त्या वर्षी नव्या उपअभियंता मॅडम आल्या होत्या, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. विदर्भाकडच्या. बोलायला स्वच्छ आणि कामाला कडक. त्या म्हणाल्या, "आबा, रस्त्याला नंबर आहे, अंदाजपत्रक मी करते. पण एवढ्या मोठ्या पुलाला निधी मागायचा तर त्या वाटेनं किती वाहनं जातात ते दाखवावं लागतं. आमची माणसं येऊन दिवसभर मोजतील. जेवढी वर्दळ जास्त, तेवढा तुमचा नंबर वर."

मी म्हटलं, "मग गाळपाच्या दिवसांत मोजा. कारखाना चालू असला की आमच्या फरशीवर उसाच्या गाड्यांना श्वास घ्यायला जागा नसती."

त्यांनी ते मान्य केलं. मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, पूल झाला समज.

मोजणीचं पत्र पंचायतीत आलं ते नेमकं आदल्या दिवशी. आम्ही दोघं तेव्हा सांगलीत होतो. दुसऱ्या दिवशी तिची पाळी सकाळी लवकरची होती म्हणून तिच्या भावाकडं मुक्कामाला गेलो होतो. पत्रात लिहिलेलं होतं की रस्त्याच्या पाहणीसाठी पथक येत आहे, सहकार्य करावे. आता आमच्या गावाला पथक म्हटलं की एकच गोष्ट कळते. मागं एकदा स्वच्छतेच्या स्पर्धेत आमच्या गावाला बक्षीस मिळालंय. तेव्हा पथक आलं होतं आणि गावानं रस्ते असे झाडले होते की कोंबडीला दाणा सापडू नये. ते सगळं जमवलं होतं आमच्या सोसायटीच्या चेअरमननी. माणूस चांगला, साठीचा, गावासाठी पदरमोड करणारा. पण ते बक्षीस त्यांच्या डोक्यातनं कधी उतरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परत आलो. लेकाची गाडी फरशीजवळ आली आणि मला वाटलं, कुणाचं लग्न आहे. फरशी पाण्यानं धुतलेली. दोन्ही बाजूंनी चुन्याच्या फक्कीचे पट्टे मारलेले. आंब्याचं तोरण, छोटा मांडव, मांडवात खुर्च्या. हलगीवाला हलगी उशाला घेऊन आडवा झालेला. रस्त्यावर उसाचं एक चिपाड नव्हतं.

चेअरमन फेटा बांधून पुढं आले. "आबा, तुमी पायजे हुता गड्या! साहेब लोक लय खूष हून गेली. सकाळधरनं एक गाडी त्यास्नी आडवी येऊ दिली न्हाई."

मी विचारलं, "उसाच्या गाड्या?"

"पलीकडच्या गावावरनं फिरवल्या समद्या. धुरळा उडतोय नव्हं का?"

"दुधाची गाडी?"

"त्याला म्हटलं, आज अंधाराचाच यून जा बाबा."

"आन् वडापच्या जीपा?"

"वडापवाल्यांना आज सुट्टी. साहेबांच्या पंगतीला जेवाय बशीवलं त्यास्नी. जिलबी केल्ती."

मी पायानं चुन्याचा पट्टा पुसत राहिलो. बोललो असतो तर चांगलं बोललो नसतो. गाडीतनं बायकोनं मान बाहेर काढली. "भावजी, ती मानसं गाड्या मोजाय आल्ती नव्हं? मग मोजलं काय? रांगोळीचं टिपकं?"

चेअरमन हसले. मग हसता हसता थांबले. त्यांना कळलं. ते मांडवातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर घेतला. बायकोनंही मान आत घेतली आणि काच वर केली. 

मी सांगलीला गेलो ते भांडायच्या तयारीनंच. मॅडमपुढच्या खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "तुमची मोजणी खोटी हाय."

त्यांनी कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "आबा, यात सायकली आहेत, पायी जाणारी माणसं आहेत, एक म्हैस आहे. खाली मोजणाऱ्या पोरानं पेन्सिलीनं लिहिलंय की जेवणात जिलबी उत्तम होती. यातलं खोटं काय?"

"म्हैस खरी असंल. पर रस्ता तसा नसतोय कवा."

"मग त्या दिवशीच तसा कसा होता?"

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सगळं सांगितलं. जिलबीपर्यंत पोहोचलो तेव्हा मॅडमनी तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. त्यांचे खांदे हलत होते. मी उठलो. असलं हसू घ्यायला मी तिथं गेलो नव्हतो.

"बसा आबा," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. बसा. फेरमोजणी मागता येते. पण त्याला कारण लागतं. ग्रामसभेनं ठराव करून खरं कारण लिहून द्यायचं. पथकाच्या स्वागतासाठी आम्हीच वाहनं दुसरीकडं वळवली, असं. ठराव आला की मी पुन्हा मोजायला लावते. फक्त गाळप संपायच्या आत."

"जत्रा हुती म्हणून रस्ता बंद हुता, असं लिवलं तर?"

"जत्रा होती का?"

"नव्हती."

"मग?"

मग काय? मी घरी आलो. पुढचे काही दिवस मी ठरावाचं नावही काढलं नाही. खरं सांगायचं तर चेअरमनइतकाच मलाही तो ठराव नको होता. त्याची नक्कल तालुक्याला जाणार, जिल्ह्याला जाणार. ज्या ऑफिसात शिपाईसुद्धा मला उठून पाणी द्यायचा, तिथं तो कागद हातोहात फिरणार. औंधाकडं कळणार, खंडाळ्याकडं कळणार. लोकांचे रस्ते करणाऱ्या म्हाताऱ्याच्या गावानं पुलासाठी रस्ताच झाडून ठेवला, असं म्हणणार. मी माझा जुना उपाय करून पाहिला. बाकावर जाऊन बसलो. मॅडम येता-जाता थांबायच्या आणि विचारायच्या, "ठराव आणलात का?" मी भाकरीचं फडकं सोडायला घ्यायचो. त्या पुढं जायच्या. त्या बाकावर बसून काम झालं नाही, असं माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा घडलं.

इकडं कारखान्याच्या ऊसतोडीच्या टोळ्या एकेक करून आपापल्या गावाकडं परतायला लागल्या होत्या. आमच्या सरपंच म्हणजे गावातल्या खताच्या दुकानदाराची थोरली सून. जैनाघरची, शिकलेली, बोलायला हळू. तिला मॅडमनीच फोन करून ठरावाचं विचारलं असावं, कारण ती आपण होऊन माझ्या घरी आली आणि ओसरीवर बसली.

"आबा, मी ग्रामसभा लावली आहे."

"चेअरमन न्हाई म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही काय म्हणणार?"

 आतनं बायको म्हणाली, "सरपंच, त्यास्नी इचारू नका. मला गाडीत जागा ठेवा. मी येणार हाय सभंला."

ग्रामसभा देवळापुढच्या मंडपात भरली. गर्दी होती. कधी नव्हे त्या बायकाही आल्या होत्या, कारण ही भानगड घराघरात माहीत होती. सरपंचांनी विषय वाचला. लगेच चेअरमन उठले.

"ह्ये लिवून द्यायचं न्हाई. गावानं पाव्हण्यांचा मान केला, गुन्हा केला न्हाई. आपण आपल्या हातानं लिवून देनार, की आमी येडी हाय म्हणून?"

मागनं एक तरुण ओरडला, "लिवा की चेअरमन, हलगीबी हुती म्हणून!"

सगळा मंडप हसला. चेअरमन तापले. "कोण हाय रं त्यो? पुढं ये. ज्या दिवशी बक्षीस आलं त्या दिवशी तुझा बाप माझ्या खांद्याला खांदा लावून खराटा मारत हुता, इचार त्याला!"

"बाप आजबी खराटाच मारतुया," त्यानं उत्तर दिलं. "पूल कवा मारायचा?"

मग गोंगाट झाला. कुणी म्हणालं, जत्रेचं कारण लिहा. कुणी म्हणालं, मयत झाली होती म्हणून लिहा. कुणाची मयत, म्हणून वाद सुरू झाला. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. बोलायचं म्हणून मनात जुळवून आलो होतो, पण उठवेना. उठलो की मलाही ते आपल्या तोंडानं म्हणावं लागणार होतं. मी सतरंजीची किनार बोटानं उसवत राहिलो.

बायकांच्या बाजूनं माझी बायको उठली. तिला उभं राहायला शेजारणीचा आधार घ्यावा लागला. माईक दिला तर तिनं तो बाजूला सारला.

"भावजी," ती चेअरमनना म्हणाली, "तुमी मान केला त्यो चांगलाच केला. पर तुमच्या फेट्यानं माझं रगत साफ हुईना. त्याला सांगलीलाच जावं लागतंय, आन् सांगलीला जायाची वाट वड्यातनं हाय. येड्यात काढतील म्हणता? काढू द्या. हसतील? हसू द्या. हसून हसून किती दिस हसतील? पुढल्या पावसाळ्यात माझी पाळी परत चुकली तर मात्र तुमाला सगळ्यास्नी माझ्या दारात यावं लागंल, आन् तवा कुणी हसणार न्हाई."

 चेअरमन उभे होते ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी सरपंचांकडं पाहिलं. "लिवा. सूचक म्हणून माझं नाव घाला. गाड्या मीच फिरवल्या, म्हणून लिवा. जिलबी तेवढी लिवू नका."

"जिलबी त्यांच्या कागदात आधीच आहे, चेअरमन," सरपंच म्हणाल्या. आता चेअरमनसुद्धा हसले.

बायको अजून उभी होती. आता तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "आन् तुमी काय मुकं झालाय? साताऱ्यात म्हणं लय बोलता."

ठरावाला सूचक लागतो तसा अनुमोदक लागतो. मी उठलो आणि म्हटलं, "अनुमोदक मी." एवढंच. पण एवढं म्हणायला मला पंचायतीच्या दोन्ही निवडणुकांपेक्षा जास्त जोर लावावा लागला.

ठराव गेला. तो किती जणांनी वाचला आणि कोण कोण हसलं, मला माहीत नाही. औंधाकडनं व्याह्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी हवापाण्याचं खूप विचारलं, त्यावरनं त्यांना कळलं असावं.

मॅडमनी निरोप दिला होता की या वेळी मोजणी कधी होणार ते कुणालाही कळवणार नाही आणि गावानं काहीसुद्धा करायचं नाही. काही करायचं नाही, हे आमच्या गावाला फार अवघड गेलं. फरशीजवळ कुणी अनोळखी माणूस दिसला की लोक त्याच्याकडं पाठ करून निघून जायचे. चहा विचारायचा नाही, पाणी विचारायचं नाही. कुणाच्या तरी मुलीला बघायला आलेले पाहुणे वाट विचारत ऊन डोक्यावर येईस्तवर फरशीवर उभे होते, पण कुणी तोंड उघडेना. शेवटी मुलीचा बाप स्वतः धावत आला आणि त्यांच्या पाया पडला. काही पोरांनी रिकाम्या ट्रॉल्या उगाच पुढंमागं फिरवायची टूम काढली होती. मी त्यांना म्हटलं, "मागच्या खेपंला कमी दावलं, आता जास्ती दावताय. हाय तेवढंच दिसू द्या की रं." त्यांनी ऐकलं.

मोजणी कधी झाली ते आम्हाला कळलंच नाही. नंतर मॅडमनी सांगितलं, त्यांचा माणूस फरशीजवळच्या टायरच्या दुकानापुढं बाकावर बसून मोजत होता. दिवसभर त्याला कुणी पाणीसुद्धा दिलं नाही म्हणून तो नाराज होता, पण आकडा चांगला आला होता.

त्या पावसाळ्यात आम्ही धोका घेतला नाही. पाण्याचे दिवस बायको तिच्या भावाकडं सांगलीतच राहिली. तिला तिथं करमत नव्हतं. रोज फोनवर म्हशींची चौकशी करायची, माझी नाही.

मंजुरी आली ती दिवाळीनंतर. मॅडम जागा आखून घ्यायला स्वतः आल्या. सरपंच, चेअरमन, आम्ही नवराबायको, सगळे फरशीवर उभे होतो. चेअरमननी नारळ आणला होता, पण तो पिशवीतच ठेवला. मॅडमनी हातानं दाखवलं, पुलाचे खांब कुठं येणार, भराव कुठनं सुरू होणार. मग म्हणाल्या, "काम सुरू झालं की आधी ही फरशी काढणार. पूल होईपर्यंत ही वाट बंद. वर्षभर धरून चाला."

"वरीसभर?" बायको म्हणाली.

"ओढ्यात पाईप टाकून बाजूनं कच्चा वळणरस्ता करता येतो. ठेकेदार करून देईल. पण त्याला जागा लागते, आणि जागेचे पैसे यात धरलेले नाहीत. वरच्या बाजूला खडक आहे. खालच्या बाजूला ऊस दिसतोय. कुणाचा आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ऊस माझा होता. जुलैची लावण, नुकतीच बुडाला माती चढवून मोठी बांधणी झालेली, कमरेच्या वर आलेला. मी त्या उसाकडं बघत राहिलो. मॅडमनी कागद गुंडाळले आणि म्हणाल्या, विचार करून कळवा.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "गप बसला तिथं."

"इचार करत हुतो."

"मग झाला का?"

"करतुया अजून."

"करा," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली. ती स्वतः मोजूनच जेवायची. पाणीही मोजून प्यायची. तिनं ऊस दे असं म्हटलं नाही आणि देऊ नको असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता आणि कुदळ घेऊन फरशीच्या खालच्या बाजूला गेलो. आधी काठ्या रोवून रुंदी ठरवली, भरलेली ट्रॉली वळेल एवढी. मग रस्त्याच्या कडेची पहिली सरी तोडायला घेतली. ऊस नुसता तोडून भागत नाही, तो पुन्हा फुटतो. म्हणून तोडलेल्या प्रत्येक खोडाचा बुडखा कुदळीनं उपटून बांधावर टाकत ओढ्याच्या काठापर्यंत गेलो, आणि तिथनं माघारी वळून दुसरी सरी धरली.